लढाईच्या काळातल्या आपल्याकडच्या बायांविषयी कागद कुठं मिळतील?

कपाशीचं_बोंड
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात जि.प. शाळेवर शिकवते. गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायचं ग्रामपंचायतीनं ठरवलं आणि "मॅडमच लिहितील" म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. १९३९ ते ४५ चं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचं, प्रकरण लिहायला घेतलं तर पुरुषांची माहिती भरपूर. कोण सत्याग्रहात गेलं, कोण फौजेत भरती झालं, कोणाच्या गोठ्यात भूमिगत कार्यकर्ते लपले, सगळं नावानिशी. बायांचं काय म्हणून पाहिलं तर जुन्या स्मरणिकेत एकच ओळ: "महिलांनीही मोलाचे सहकार्य केले."

म्हणजे नेमकं काय केलं? नवरा फौजेत गेल्यावर वखर कोणी हाकला? मनीऑर्डर कोणाच्या हातात पडायची, तिच्या की सासऱ्याच्या? कापड मिळत नव्हतं तेव्हा लुगडं कुठून आणलं? तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढं आहे. गावात अशा दोघीच उरल्यात, त्यातल्या एकीला ऐकू येत नाही. तेव्हा कागदच शोधावे लागणार. कुठून सुरुवात करू? पुण्या-मुंबईच्या संग्रहालयांची यादी नको, इथून एस.टी.नं जाऊन दिवेलागणीला घरी परतता येईल असं काही सांगा.

शकुंतला_एक्सप्रेस
"महिलांनीही मोलाचे सहकार्य केले." आमच्या गावच्या स्मरणिकेत हेच वाक्य बेचाळीसच्या लढ्यासाठी आहे, ग्रामस्वच्छता अभियानासाठी आहे आणि सप्त्याच्या महाप्रसादासाठीही आहे. एकदाच टाईप केलं असन अन् तिथून उचलत गेले बाप्पा.

दप्तरदार
ताई, मी पटवारी म्हणून लागलो आणि महसुलातूनच निवृत्त झालो, म्हणून सांगतो. तुमचा खजिना तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. पण आधी एक लक्षात घ्या. तुमचं गाव वऱ्हाडातलं, म्हणजे रयतवारीचं, शेतकरी थेट सरकारात सारा भरायचा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) इकडं मालगुजारी होती, म्हणजे सारा मालगुजारामार्फत जायचा. त्यामुळे वर्धेच्या माणसानं सांगितलेलं रजिस्टर तुमच्या तहसिलीत त्याच नावानं मिळेलच असं नाही. कोतवाल बुक मात्र दोन्हीकडं मागता येतं.

कोतवाल बुकात गावातले जन्म आणि मृत्यू असतात. लोक ते जातीच्या दाखल्यासाठी काढतात, आजोबांचं नाव सापडलं की नक्कल घेऊन मोकळे. तुम्ही तसं करू नका. १९३८ पासून १९४६ पर्यंत सलग वाचा. जन्माच्या नोंदीत बहुतेक बापाचंच नाव असतं, आईचं नाही. मृत्यूच्या नोंदीत बाई "अमक्याची बायको" किंवा "अमक्याची सून" म्हणून येते. तरी सलग वाचलं की कोणत्या घरात पाळणा हलायचा थांबला, कोणत्या वर्षी तान्ही लेकरं जास्त गेली, ते डोळ्यांपुढं येतं. मृत्यूच्या कारणावर फार भिस्त ठेवू नका. कोतवालाच्या लेखी निम्मं गाव "तापानं" मरतं.

दुसरं म्हणजे फेरफार. नवरा मेला की वारसाची नोंद होते. पोरं लहान असली तर त्यांच्या नावापुढं "अ.पा.क. आई" असं लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाईचं नाव कागदावर यायची ही मोठी जागा. नोंदीखाली "निशाणी अंगठा" आणि जांभळ्या शाईचा ठसा असला तर समजा की बाई स्वतः चावडीवर आली होती.

एक कायद्याची गोष्टही माहीत असू द्या. १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हयातीपुरता वाटा दिला. पण तो शेतजमिनीला लागू नाही, असं १९४१ मध्ये फेडरल कोर्टानं ठरवलं. मग प्रांतांनी आपापले कायदे करून तो शेतीला लावला. म्हणून याच चार-पाच वर्षांत विधवांच्या नोंदी एका साच्याच्या दिसणार नाहीत. एका फेरफारात बाई आहे, दुसऱ्यात थेट दीर आहे, असं दिसलं तर गोंधळू नका. उलट तिथंच थांबून बारीक पाहा.

वऱ्हाडी_ठेचा
आमची आजी सांगे, लढाईत घासलेट भेटे नाही, तं सांजच्याले उजेड असतानाच जेवण उरकून घ्यायचे. अन् कापडाची तं अशी बोंब की दोघी जावांत एक धड लुगडं. जिले बाजारात जायचं तिनं ते नेसायचं, दुसरीनं घरात फाटकं. कंट्रोलमध्ये लाल ज्वारी भेटे, तिची भाकर थापली की तुटे. हे कोण्या दप्तरात सापडते सांगा बरं मले?

अभ्यासू_बगळा
ठेचाभाऊ, कापडाचं बरोबर जुळतं. १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं आणि "स्टँडर्ड क्लॉथ" नावाचं स्वस्त, जाडंभरडं कापड दुकानांतून विकायला काढलं. पण लाल ज्वारी? अमेरिकेची मिलो आपल्याकडं आली ती साठच्या दशकात आणि पुढं बहात्तरच्या दुष्काळात. आजीच्या आठवणीत दोन टंचाया एकमेकीत मिसळलेल्या दिसतात.

वऱ्हाडी_ठेचा
बगळेसाहेब, आमच्या आजीले खोटं पाडाले तुमाले स्वर्गात जा लागन. जा अन् इचारून या.

अभ्यासू_बगळा
खोटं कोण म्हणतंय? तोंडी माहिती घेताना तारीख विचारूच नये. "तेव्हा थोरला झाला होता का? अंगावर पीत होता का?" असं विचारावं. मग थोरल्याचं साल कोतवाल बुकात किंवा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पाहावं. दाखल-खारीज तर मॅडमच्या स्वतःच्या शाळेतच असेल, एस.टी.सुद्धा लागायची नाही. मुली कोणत्या साली शाळेतून काढल्या आणि शेऱ्यात काय लिहिलंय ते पाहा. "घरकाम", "गैरहजर", "गाव सोडले" हे शेरे एरवी कोणी वाचत नाही.

काळीमाती
कपाशीचा मुद्दा कोणीच कसा काढला नाही? वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे जपान. १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला, डिसेंबरात युद्धच पेटलं आणि आपल्या कापसाला कोणी विचारेना. त्यातून सरकारनं "अधिक धान्य पिकवा" मोहीम काढून कपाशीखालची जमीन ज्वारीकडं वळवायला लावली. आता विचार करा, वेचणी म्हणजे बायांचं काम. कपाशी घटली की दिवाळीपासून पुढं मिळणारी बायांची रोजी घटली. ज्वारीच्या सोंगणी-खुडणीला काम असतं, पण थोड्या दिवसांचं, आणि बरंचसं धान्याच्या रूपात मिळणारं. हातात रोकड येणं आणि पदरात ज्वारी पडणं यात बाईच्या दृष्टीनं फार फरक आहे, हे कोणत्याही वेचणीवालीला विचारा.

आकडे हवे असतील तर मध्य प्रांत व वऱ्हाडचे दरसालचे पीकपाण्याचे अहवाल पाहा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुने सरकारी अहवाल मोठ्या प्रमाणात स्कॅन करून इंटरनेटवर फुकट ठेवलेत. मोबाईलवर उघडतात, गावात रेंज असली म्हणजे झालं.

शकुंतला_एक्सप्रेस
रेंज असली म्हणजे झालं, हे वाक्य लिहिताना हसू आलं नाही का हो?

काळीमाती
आलं. पाण्याच्या टाकीवर चढूनच लिहितोय.

निशिगंध_अकोला
मासिकं पाहा ना! किर्लोस्करांचं "स्त्री" १९३० पासून निघत होतं. युद्धकाळातले अंक जुन्या वाचनालयांत बांधून ठेवलेले सापडतात. महागाई, काटकसर, साखरेवाचूनचे पदार्थ, सगळं मिळेल.

मिरची_भिवापुरी
निशिगंधताई, राग मानू नका, पण "स्त्री" वाचणारी बाई आणि दारव्ह्याच्या शिवारातली निंदणारी बाई यांच्यात एका आगगाडीचं अंतर होतं. साखरेवाचूनचे पदार्थ तिला शिकवायला नको होते, तिच्या घरात साखर यायचीच कधी? मासिक जरूर वाचावं, पण त्यातलं गावाच्या नावावर खपवू नये.

निशिगंध_अकोला
माझी आजी खेड्यातच राहायची आणि अंक पोस्टानं यायचा. खेड्यात सगळ्याच निंदणाऱ्या नव्हत्या. पाटलाची सून, मास्तरीण, नर्स, वैदूची बायको, याही बायाच.

मिरची_भिवापुरी
मान्य. मग पुस्तिकेत दोघींना वेगवेगळं लिहा एवढंच म्हणणं आहे.

झाडीपट्टीकर
इकडं चंद्रपूर-भंडाऱ्याच्या बाजूचं सांगतो. धाग्यात सगळं वऱ्हाडच चाललंय.

आपल्याकडं लढाईचा बाईच्या अंगावर थेट पडलेला भार म्हणजे खाणी. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायांना उतरवायचं नाही, अशी बंदी तीसच्या दशकात टप्प्याटप्प्यानं पूर्ण झाली होती. लढाईत कोळसा कमी पडायला लागला, मजूर मिळेनात, म्हणून १९४३ मध्ये ती बंदी उठवली, आणि त्यात आपला मध्य प्रांत होता. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती परत लागू झाली. म्हणजे दोन-अडीच वर्षं बाया खाली जात होत्या. बल्लारपूर आणि वणीकडचा राजूर, या बाजूला तेव्हा खाणी चालू होत्या. मॅडम, वणी तुमच्याच जिल्ह्यात.

याचे कागद कुठं? पहिलं, केंद्रीय कायदेमंडळातली चर्चा. तेव्हा मजूर खात्याचे मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बंदी उठवल्याबद्दल फेब्रुवारी १९४४ मध्ये सरकारवर टीका झाली आणि उत्तर त्यांनाच द्यावं लागलं. बंदी उठवणं ही नाइलाजाची बाब आहे असं त्यांनी सांगितलं, आणि बाईला गड्याइतकीच मजुरी देण्याचं तत्त्व इथं लागू केल्याचंही ठासून सांगितलं. महाराष्ट्र शासनानं छापलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात त्यांच्या मजूरमंत्रिपदाचा काळ आहे. इंग्रजीत आहे, पण खंड बऱ्याच गावांच्या वाचनालयांत मिळतो. दुसरं, रेगे समिती. १९४४ मध्ये नेमलेल्या या समितीनं कोळसा, मँगनीज, बिडी अशा एकेका धंद्यातल्या मजुरांवर वेगळा अहवाल काढला. तुमसर-रामटेककडच्या मँगनीज खाणीत आणि भंडारा-गोंदिया-कामठीच्या बिडीत बाया किती आणि कशा होत्या, हे पाहायला याहून सरळ कागद नाही.

एक बजावून ठेवतो. अहवालात बाई "स्त्री-मजूर" म्हणून येते, नाव नसतं. नाव पाहिजे तर खाणीच्या वस्तीतच जा.

पंचशील_वाचनालय
झाडीपट्टीकरांनी विषय काढलाच आहे तर जुलै १९४२ राहू नये. १८ ते २० जुलैला नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित परिषद झाली आणि २० तारखेला त्याच मांडवात महिलांची स्वतंत्र परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बाया आल्या, त्यात खेड्यांतून आलेल्या पुष्कळ. ठराव वाचा म्हणजे त्या काळी बायांना काय डाचत होतं ते कळेल. काडीमोडाचा हक्क, एकीवर दुसरी करायला बंदी, कामकरी बायांना भरपगारी रजा. लढाई ऐन भरात असताना आपल्याच जिल्ह्यांतल्या बाया हे मागत होत्या. यांना कोणी "सहकार्य" म्हणून दाखवावं बरं!

या चळवळीतल्या बायांच्या मुलाखती घेऊन ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक केलं. त्यात मुलाखत कशी घ्यावी याचाही धडा मिळतो. मॅडमनी उरलेल्या दोघी आजींकडं जायच्या आधी ते वाचावं.

कपाशीचं_बोंड
बापरे, मी चार ओळींची अपेक्षा केली होती. सगळ्यांचे आभार. पंचशील, परिषदेला आमच्या तालुक्यातून कोणी गेलं होतं का हे कसं शोधायचं?

पंचशील_वाचनालय
यादी मिळणं कठीण. पण जुन्या वस्तीत विचारा, "तुमच्याकडचं कोणी नागपूरला सभेला गेलं होतं का?" पुढं १९५६ ची धम्मदीक्षाही नागपूरचीच, त्यामुळे दोन्ही आठवणी एकत्र येतील. सोबत कोण होतं, वाटेत काय झालं, असं विचारत गेलं की आपोआप वेगळ्या होतात.

आणखी एक. महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली, दुसरी पलटण १९४२ च्या सुरुवातीला कामठीला. आपल्या भागातली कितीतरी पोरं त्यात गेली. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सैनिकांची यादी आहे. नाव, नंबर, हुद्दा, तारीख आणि पुष्कळदा खाली एक ओळ: अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, जिल्हा अमुक. बायकोचं नाव सरकारी कागदावर असं सरळ येणं दुर्मीळ. मात्र साहेबानं कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यामुळे गावाचं नाव वेगवेगळ्या स्पेलिंगनं टाकून पाहा. नुसता जिल्हा टाकून सगळी नावं वाचून काढणं हाच खात्रीचा मार्ग.

वऱ्हाडी_ठेचा
आत्ताच पाह्यलं. आमच्या जिल्ह्याचं स्पेलिंग असं लिवलं हाये की मी दोन घडी बुचकळ्यात पडलो हे कोण्या देशातलं गाव म्हणून.

अभ्यासू_बगळा
विदर्भ आणि बेचाळीस म्हटलं की चिमूर-आष्टीचा उठाव येणारच. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला सरकारी अधिकारी मारले गेले, नंतर फौज आली आणि गावातल्या बायांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढं आल्या. हिंदू महासभेचे डॉ. मुंजे आणि नागपूरच्या काही महिला कार्यकर्त्या चिमूरला जाऊन बायांशी बोलून आल्या. सरकार चौकशी करेना म्हणून सेवाग्रामचे प्रा. भन्साळी उपोषणाला बसले. ते ६३ दिवस चाललं आणि १२ जानेवारी १९४३ ला सुटलं. त्याची बातमी छापायला वर्तमानपत्रांना बंदी होती, तेव्हा त्या काळचे अंक चाळताना लक्षात ठेवा, बातमी नाही म्हणजे घटना नाही असं नसतं. फाशीची शिक्षा झालेल्यांना वाचवायला अनसूयाबाई काळे यांनी रान उठवलं, त्यावरचेही कागद आहेत.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या "अभिलेख पटल" या संकेतस्थळावर गृह खात्याच्या राजकीय शाखेच्या फायली घरबसल्या पाहता येतात. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात असलेले बापूजी अणे आणि डॉ. मुंजे यांचे खासगी कागद दिल्लीला तीन मूर्तीच्या संग्रहात (पूर्वीचं नेहरू स्मारक संग्रहालय) आहेत. बायांचे जबाब, नावं, सगळं यातून बाहेर काढता येईल. हे कोणीतरी करायलाच हवं.

उमा_नदीकाठ
मी सहसा लिहीत नाही, वाचून जाते. पण "नावं बाहेर काढता येईल" हे वाचून राहवलं नाही. माझं माहेर त्या भागातलं. आमच्याकडं १६ ऑगस्टला कार्यक्रम होतो, भाषणं होतात, हुतात्म्यांची नावं घेतली जातात. या विषयावर घरात कोणी बोलत नाही. त्या बायांच्या लेकी, नाती, नातसुना तिथंच राहतात. दिल्लीतल्या फायलीत नाव आहे म्हणून ते स्मरणिकेत छापायचं आणि मग ते पान व्हॉट्सॲपवर गावभर फिरायचं? याला इतिहास म्हणत असाल तर मला तो नको.

मिरची_भिवापुरी
ताई, तुमचा राग समजतो. पण दुसरी बाजूही बघा. त्या काळात, गावात फौज असताना, त्या बाया पुढं येऊन बोलल्या. त्यांचं नाव झाकून ठेवायचं म्हणजे लाज त्यांचीच होती असं आपण कबूल केल्यासारखं नाही का? गोळी लागलेल्याचं नाव चौकात आणि या बायांचं नाव फायलीत बंद, हे मला पटत नाही.

उमा_नदीकाठ
त्या बोलल्या त्या चौकशी व्हावी म्हणून, आणि ती झालीच नाही. आता ऐंशी वर्षांनी पुतण्याच्या नातवाला कळावं म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. घरच्यांना विचारा. ते हो म्हणाले तर खुशाल चौकात लावा, मीच हार घालायला येईन. न विचारता नको.

दप्तरदार
उमाताईंशी सहमत. महसुलात एक शिस्त असते, कागद पाहता येतो याचा अर्थ तो वाटता येतो असा नाही. काय घडलं, तक्रार कोणाकडं झाली, सरकारनं काय उत्तर दिलं, हे नाव न घेता पूर्ण लिहिता येतं. नाव गाळल्यानं सरकारची जबाबदारी कुठं कमी होते?

अभ्यासू_बगळा
सरकारी फाईल ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि संशोधकानं नाव गाळायला लागलं तर उद्या काय काय गाळाल, हा माझा प्रश्न कायम आहे. पण गावच्या पुस्तिकेपुरतं दप्तरदारांचं म्हणणं चालेल.

शकुंतला_एक्सप्रेस
बगळेसाहेब चालेल म्हणाले. आज वऱ्हाडात पाऊस पडणार.

भाऊसाहेब_वरुडकर
फक्त दुसऱ्या महायुद्धावर का थांबलात? १९६२, ६५, ७१ आहेच. बासष्टला संरक्षण निधीत गावोगावच्या बायांनी अंगावरचं सोनं दिलं. वीरपत्नींचे कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असतात.

झाडीपट्टीकर
आणि गडचिरोलीकडं चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वस्त्या आहेत. तिथल्या म्हाताऱ्या बायांनी पाहिलेलं कोणी लिहून घेतलंय का? त्यांची मासोळी खायला तेवढे सगळे जातात.

कपाशीचं_बोंड
भाऊसाहेब, झाडीपट्टीकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. सध्या एवढंच झेपतंय.

तहसिलीत जाऊन आले. रेकॉर्ड रूममधल्या भाऊंनी आधी "जातीचा दाखला का?" विचारलं, नाही म्हटल्यावर "मग कायले?" विचारलं. पण गठ्ठे काढून दिले. दप्तरदार काका, तुम्ही सांगितलं तसं सलग वाचत गेले आणि फेरफारात एक बाई सापडली. १९४४ ची नोंद. खातेदार मयत, वारस दोन अज्ञान मुलगे, अ.पा.क. आई, आणि तिचं नाव पूर्ण लिहिलेलं. खाली अंगठा. ठसा अर्धाच उमटलाय, शेजारी पटवाऱ्यानं बोटानं पुसलेली शाई. नवरा कशानं मेला ते नोंदीत नाही, पण कोतवाल बुकात त्या सुमारास त्याचा मृत्यूच नाही. म्हणजे तो गावात मेला नाही.

मग पुढं १९४७ ची दुसरी नोंद. "पाट लावल्याने अ.पा.क. आईचे नाव कमी करून चुलत्याचे नाव दाखल." पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. बास. दोन ओळीत बाई गावातून गेली. पोरं इथंच राहिली असणार, कारण त्यांच्यातल्या एकाचं नाव आमच्या शाळेच्या दाखल-खारीजमध्ये आहे आणि पालक म्हणून चुलता आहे.

पंचशील_वाचनालय
मॅडम, नवऱ्याचं नाव आणि जिल्हा टाकून युद्धकबर आयोगाच्या यादीत लगेच पाहा. गावात मृत्यूची नोंद नाही आणि साल ४४, म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीची शक्यता मोठी. तिकडं ज्यांची कबर नाही अशा जवळपास सत्तावीस हजार जणांची नावं रंगून स्मारकावर आहेत.

मिरची_भिवापुरी
किंवा खाणीत, किंवा गिरणीत, किंवा मुंबईला पळून गेला आणि गावानं मेला म्हणून टाकलं. लगेच हुतात्मा करू नका.

दप्तरदार
मिरचीताई बरोबर बोलतायत, आधी पडताळा. फौजेत गेलेला असेल तर आणखी एक धागा आहे. पाट लावला की विधवेचं पेन्शन बंद व्हायचं. लष्करी नियमांत दिराशी लग्न केलेल्या बाईला सवलत असायची, म्हणून कितीतरी घरांत दिराशीच पाट लावून द्यायचे. शौर्यपदकाच्या भत्त्यातली तशी अट तर पार २०१७ मध्ये निघाली. इथं नाव कमी होऊन चुलत्याचं लागलंय, म्हणजे बहुधा बाई घराबाहेर गेली. पण "बहुधा" म्हणतोय, कारण ज्याच्याशी पाट लागला तो चुलता हाच असेल तर अ.पा.क. बदलायचं कारणच काय, हे पटवाऱ्याला विचारावं लागेल, आणि तो आता नाही.

वऱ्हाडी_ठेचा
म्हणजे पोरं अन् वावर इकडं राह्यलं, अन् माय गेली. वावरासाठी पोरं ठेवून घेतली असतीन. आमच्याइकडं असंच होये.

उमा_नदीकाठ
कपाशीताई, तिचं नाव पुस्तिकेत टाकणार?

कपाशीचं_बोंड
तिच्या नातवाचं घर शाळेच्या मागंच आहे. काल गेले होते. त्याला आजीबद्दल एवढंच माहीत, "ती बापाच्या लहानपणीच गेली." मेली असंच तो समजत होता. मी पाटाचं लगेच बोलले नाही, आधी त्याच्या आईशी बोलेन, ती बरंच जाणून आहे असं वाटतं. ती म्हणेल तसं करू. युद्धकबर यादीत त्या नावाचे तिघं आहेत, त्यातला एकच आपल्या जिल्ह्याचा, पण गावाचं नाव इंग्रजीत असं लिहिलंय की ओळखताच येत नाही. बापाचं नाव जुळतं का ते खातेउताऱ्यावरून पाहते आहे.

प्रश्न असा की तिचं माहेर दिग्रस तालुक्यातलं होतं असं कळलंय. तिच्या पुढच्या घराचा पत्ता कोतवाल बुकातून लागेल का?

दप्तरदार
लागू शकतो. माहेरच्या गावचं आणि आजूबाजूच्या चार गावांचं कोतवाल बुक काढा, १९४७ नंतरचं. तिला पुढं मूल झालं असेल तर बापाचं नाव येईल, तिचं नाही, म्हणून ते सापडायचं नाही. मृत्यूची नोंद शोधा, "अमक्याची बायको" म्हणून येईल, वय आणि माहेर जुळवा. दिग्रस तहसिलीत अर्ज साध्या कागदावर करा, कोर्ट फी स्टॅम्प लावा, अर्जात "जातीच्या दाखल्यासाठी" असं मुळीच लिहू नका, नाहीतर एकाच नोंदीची नक्कल हातात देतील. "अवलोकनासाठी" लिहा. आणि आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका.

शकुंतला_एक्सप्रेस
सोमवारी पण नको. रविवारची झोप उतरली नसते त्यांची.

दप्तरदार
मी बत्तीस वर्षं त्याच खात्यात होतो साहेब.

शकुंतला_एक्सप्रेस
म्हणूनच तं सांगतो.